वहिवाट किती जुनी? : चवदार तळ्याचा दावा आणि सामाईक जागेचे भांडण

वाटणी झालेल्या जागेवरून दोघा शेजाऱ्यांत तंटा लागला, तर मोजणीदार येतो, साखळी टाकतो, हद्दीचा दगड रोवतो आणि तंटा मिटतो. निदान मिटावयास हरकत नसते. सामाईक जागेची गोष्ट निराळी आहे. आड, चौक, जिना, नळ, गच्ची ह्यांवरून जे भांडण होते, त्यात जागा किती हा प्रश्न नसतोच. माणसे कोणती, हा प्रश्न असतो. आपण सारे ह्या जागेचे धनी, ही गोष्ट प्रत्येकास मान्य असते. परंतु ‘आपण सारे’ ह्या दोन शब्दांत कोणाकोणाची गणना करावयाची, ह्याविषयी मात्र एकमत नसते. आणि ज्याला गणनेतून वगळावयाचे असते, त्याला कारण एकच सांगितले जाते : ‘ही येथली पहिल्यापासूनची वहिवाट आहे.’

ही ‘पहिल्यापासूनची’ वहिवाट खरोखर किती जुनी असते, ह्याचा शोध आपल्या प्रांतातील एका न्यायालयाने एकदा फार बारकाईने घेतला होता. त्या दाव्याचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. परंतु दावा झाला कोकणात, आणि मी बोलतो आहे नगर जिल्ह्यातून. म्हणून प्रथम आमच्याकडील चाल थोडी सांगतो. म्हणजे पुढचा मजकूर परक्या मुलखातला वाटणार नाही.

अहमदनगर हे शहर, ज्याचे सरकारी नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे, ते मलिक अहमद निजामशहाने १४९० साली सीना नदीच्या काठी वसविले. नदी बारमाही नाही. तेव्हा पाण्याची सोय मनुष्याने केली. कापूरवाडीसारख्या डोंगराकडील गावांपासून जमिनीखालून खापरी नळ आणून शहरात पाणी खेळविले, आणि ते ठिकठिकाणी हौदांत सोडले. राजाने आणलेले पाणी रयतेचे, असा साधा हिशेब. ज्यांना ऐपत होती त्यांनी आपापल्या वाड्यात स्वतंत्र आडही खोदले. पुढे वाडे वाटले गेले. भावाभावांत, नंतर चुलत्यापुतण्यांत, शेवटी भाडेकऱ्यांत. भिंती पडल्या, चुली निराळ्या झाल्या, परंतु आड काही कोणास चिरता आला नाही. तो सामाईकच राहिला. रहाटाला हात कोणी लावावा, सोवळ्याचे पाणी कोणत्या प्रहरी काढावे, धुणे कोणत्या बाजूस बडवावे, ह्याचे नियम मग घराघरांत ठरले. लिहिले मात्र कोणीच नाहीत. जुन्या नगरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पोहऱ्याच्या आवाजाबरोबर ह्या नियमांवरून चाललेली कुरबुरही आठवेल.

खेड्यात ह्याच चालीचे स्वरूप अधिक उघड होते. महारवाडा गावाच्या कडेला आणि त्याचा पाणवठा निराळा. तो आटला, म्हणजे गावविहिरीपाशी घागर ठेवून दूर उभे राहावयाचे, आणि कोणी वरून पाणी ओतील तर घ्यावयाचे. ह्यात एक विलक्षण विसंगती आहे, ती आम्हा मास्तर लोकांच्या पाठ्यपुस्तकांत कधी आली नाही. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला, तर साक्ष महाराची घेत. शीव कोठून कोठे जाते हे त्याला ठाऊक, आणि त्याने दाखविलेली हद्द दोन्ही गावे मानीत. म्हणजे साऱ्या गावाची जमीन कोठवर आहे हे ज्याच्या शब्दावर ठरावयाचे, त्याच मनुष्याला त्या जमिनीतील विहिरीच्या काठावर पाऊल ठेवता येत नसे!

एकाच छपराखाली पाणी दोन प्रकारचे असू शकते, ह्याचाही दाखला ह्याच जिल्ह्यात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हा प्रथम त्या आपले अन्नपाणी वेगळे ठेवीत. पुढे स्वतःच विचार करून त्यांनी तो भेद टाकून दिला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे सांगावयास नकोच. मी त्याचा उल्लेख करतो तो एवढ्यासाठी, की जो नियम मनुष्य स्वतःच्या अंगाला लावून घेतो, तो त्याचा त्याला सोडताही येतो. दुसऱ्याच्या वाटेवर आडवा टाकलेला नियम निराळ्या जातीचा असतो. तो टाकणाऱ्याला त्याचा काहीच उपद्रव नसतो, म्हणून तो उचलण्याची निकडही त्याला वाटत नाही.

आता महाडकडे वळू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारच्या अगर कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही सर्व अस्पृश्य वर्गास खुली असावीत, असा त्याचा आशय होता. ह्या ठरावास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले चवदार तळे सर्वांस खुले केले. ठराव झाला आणि दप्तरात निजला. तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेच्या मंडळींसह तळ्यावर जाऊन ते पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर जे झाले ते सर्वश्रुत आहे : अफवा, दंगा, परत जाणाऱ्या लोकांना मारहाण, आणि नंतर तळ्याच्या पाण्याची १०८ घागरींनी शुद्धी. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरावयाची होती. ती भरण्यापूर्वी १२ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्य मंडळींनी दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला व दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

सत्याग्रहाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. दाव्याचा इतिहास त्या मानाने कमी सांगितला जातो. आणि माझ्या मते सामाईक जागेविषयी काही शिकावयाचे असेल तर ते ह्या दाव्यातच आहे.

वादींचे म्हणणे काय होते? हे तळे आमचे आहे. आम्हा स्पृश्यांसच त्याचा उपभोग घेण्याचा हक्क आहे, आणि तो अनादि वहिवाटीने आहे. हे म्हणणे कशाच्या आधारावर उभे होते, ते समजण्यासाठी तळ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. चार ते पाच एकरांचे पाणी. पावसाचे भरलेले, काही झऱ्यांचे. भोवताली नगरपालिकेचा रस्ता. रस्त्यापलीकडे स्पृश्य हिंदूंची घरे, थोडी मुसलमानांची. ह्या घरमालकांपैकी अनेकांच्या मालकीच्या जमिनीच्या पट्ट्या थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेलेल्या. काठाचे बांधकाम त्यांचे, उतरावयाच्या पायऱ्या त्यांच्या. अस्पृश्यांचे घर आसपास एकही नाही. आता अशा घरात जन्मलेल्या मनुष्यास, सकाळी दार उघडले की आपल्या पायऱ्या आणि पायऱ्यांखाली पाणी, हे तळे आपल्या परसातलेच वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु वाटणे निराळे आणि असणे निराळे.

दावा खालच्या न्यायालयात १९३१ साली फेटाळला गेला. ठाण्याच्या अपिलात १९३३ साली तोच निकाल कायम झाला. मंडळी मुंबईच्या उच्च न्यायालयात गेली. तेथे १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया ह्यांनी अपील काढून टाकले. ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा मोठ्या आदराने सुनावली होती. ओंजळीपासून ह्या निकालापर्यंत दहा वर्षे गेली, तीन दिवस कमी.

मालकीचा प्रश्न फार अवघड नव्हता. तळे नगरपालिकेकडे आलेले आहे, काठावरच्या पायऱ्यांची मालकी म्हणजे पाण्याची मालकी नव्हे, हे ठरले. अवघड होता तो वहिवाटीचा प्रश्न. कारण १९२७ पूर्वी अस्पृश्यांनी ह्या तळ्याचे पाणी भरले असल्याचा पुरावा नव्हता. तोपर्यंत त्यांना तेथे कोणी येऊ दिले नव्हते, हे खरेच होते. मग वादींची वहिवाट सिद्ध झाली असे का म्हणू नये?

येथे न्यायालयाने जे विवेचन केले, त्याचा मी माझ्या शब्दांत सारांश सांगतो. वहिवाटीला कायद्याचे बळ यावयाचे तर ती स्मरणातीत असली पाहिजे. अलीकडच्या माणसांच्या आठवणीपुरती असून चालत नाही. (इंग्लंडात तर ह्या स्मरणाची सीमा ११८९ सालापर्यंत नेऊन ठेविली आहे, पहिला रिचर्ड राजा गादीवर आला ते साल. आपल्याकडे इतका कडक हिशेब धरीत नाहीत.) ह्या दाव्यातील पुरावा अलीकडच्या काळापलीकडे जात नव्हता. इतके सांगून न्यायालय थांबले असते तरी निकाल तोच झाला असता. परंतु न्यायमूर्तींनी आणखी एक प्रश्न मनाशी विचारला : एवढे मोठे, उघड्या जागेतले, आभाळातून भरणारे पाणी, त्यावरून कोणास हाकलण्याचा उद्योग मुळात कोणी केव्हा केला असेल? त्यांचे उत्तर असे, की तळ्याभोवती सवर्णांची घरे उठली नव्हती तोपर्यंत असा प्रयत्न कोणी केला असेल, हेच संशयास्पद आहे.

श्रोतेहो, ह्या वाक्याचा अर्थ नीट पाहा. आधी पाणी होते. मग घरे आली. मग घरवाल्यांना पाणी आपले वाटू लागले. मग ‘इतरांनी येऊ नये’ हा नियम झाला. आणि नियमाला दोन पिढ्या झाल्या, तेव्हा तो अनादि झाला! म्हणजे वहिवाटीचे वय घरांच्या वयापेक्षा अधिक असण्याचे कारण नाही. आणि घरे कोणी बांधली, हे तर शेजारच्या म्हाताऱ्यालाही सांगता येते. मला विचाराल तर धर्मशास्त्राच्या दहा वादविवादांपेक्षा ह्या एका साध्या निरीक्षणाने अधिक काम केले आहे.

तथापि निकालाची दुसरी बाजूही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. न्यायालयाने मनुष्य मनुष्याला पाणी नाकारतो हे वाईट, असा निकाल दिला नव्हता. तो त्याचा विषयच नव्हता. तळे वादींचे नाही आणि वहिवाट शाबीत नाही, एवढेच ठरले. तेच तळे भोवतालच्या घरमालकांच्या खासगी मालकीचे निघते, तर निकाल कदाचित उलटा झाला असता. म्हणजे पाणी उघडले ते सार्वजनिक म्हणून. जे सार्वजनिक नाही, जे चार जणांचे सामाईक आहे, त्याच्या दारावर ह्या निकालाची सावली पडत नव्हती.

आणि दाराच्या आतला अपमान तळ्याकाठच्या अपमानाहून कमी नसतो. ह्याचा दाखला पुन्हा डॉ. आंबेडकरांच्याच चरित्रात आहे; त्यांनी स्वतः तो लिहून ठेविला आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आल्यावर ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत जाणे शक्य नव्हते, म्हणून ते एका पारशी विश्रांतिगृहात गेले. तेथला नियम असा, की पाहुणा पारशीच असला पाहिजे. व्यवस्थापकाला भाड्याची गरज होती, ह्यांना आसऱ्याची. तेव्हा वहीत पारशी नाव लिहून दिवसा दीड रुपया भाड्याने ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी गृहस्थ जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचे फर्मान सुटले. शहरातील दोन परिचितांकडे त्यांनी विचारून पाहिले. एक हिंदू, एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. दोघांचीही अडचण निघाली : एकाच्या घरचे नोकर, दुसऱ्याच्या घरची मंडळी. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानचा अधिकारी, आणि बसावयास काय ती एक सार्वजनिक बाग!

ह्या प्रसंगात हिंदू, पारशी, ख्रिस्ती असे तिघेही आहेत. चौथा धर्म राहिला, तो आपल्या जवळच्याच ठिकाणी पुरा झाला. १९३४ साली डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले होते. प्रवासाची धूळ होती म्हणून मंडळींनी दरवाज्याजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तोच एक वृद्ध मुसलमान ‘हौद बाटविला’ म्हणून ओरडत आला आणि लोक जमले. शेवटी किल्ला पाहावयास मिळाला, पण कोठल्याही पाण्यास हात लागू नये म्हणून बरोबर एक शिपाई देण्यात आला. तेव्हा ही खोड कोणा एका धर्माची म्हणून तिची वाटणी करीत बसण्यात अर्थ नाही. ज्याच्या घराजवळ पाणी, त्याची ही खोड.

पाहुण्याचा नियम हा तर ह्या विषयाचा सर्वांत सूक्ष्म भाग आहे. रहिवाशाला उघडपणे वगळणे कठीण. पाहुण्याला वगळणे सोपे. मी नोकरीच्या आरंभी नगरातील एका वाड्यात भाड्याने राहत असे. पाचसहा बिऱ्हाडे, एक आड, एक न्हाणी. मालकांनी देवडीत एक पाटी लावली होती : ‘भाडेकऱ्यांच्या पाहुण्यांनी आडावर स्नान करू नये.’ वाचणाऱ्यास वाटावे, पाण्याच्या टंचाईमुळे असेल. मीही तसेच समजत होतो. पण कोणाचे मेहुणे, कोणाचे जावई, सगळे आडावर यथेच्छ स्नाने करीत आणि पाटी मुकाट्याने पाहत राही. एकदा माझ्याकडे तालुक्यातील एक शिक्षक मुक्कामास आले. सकाळी ते आडाकडे निघाले, तेव्हा एका वृद्ध बिऱ्हाडकरूंनी त्यांना गोड शब्दांत विचारले, ‘आपलं आडनाव काय म्हणालात?’ आडनाव सांगितले. ‘गाव कोणतं?’ गावही सांगितले. त्यानंतर पाच मिनिटांनी मालकांचा मुलगा आला आणि आम्हांस ती पाटी दाखविली गेली. माझे स्नेही हसले, पिशवीतून टॉवेल काढला होता तो परत पिशवीत ठेविला, आणि म्हणाले, ‘मास्तर, पाटी वाईट नाही, तिला वाचता येतं कोण आलंय ते.’ जात कोणी विचारली नाही. कोणी कधी विचारीतही नाही. आडनाव आणि गाव विचारले की काम भागते.

कायद्याने आपली पावले पुढे टाकली, ह्यात शंका नाही. मुंबई इलाख्यात हरिजनांच्या सामाजिक अडचणी दूर करण्याचा कायदा १९४६ चा. घटनासमितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. आजच्या घटनेत ते सतरावे. पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते ह्यांची नावे घालून तेथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून कोणास अडवू नये असे सांगितले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याचे नाव १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले, तर निवासाची जागा बांधणे, घेणे व तीत राहणे ह्यांच्या आड अस्पृश्यतेच्या कारणावरून येणे हाही गुन्हा ठरविला. इतके असूनही १९७२ च्या सुमारास डॉ. बाबा आढाव ह्यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ घेऊन महाराष्ट्राची खेडी हिंडावी लागली. त्या वर्षीचा दुष्काळ आमच्या जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या कोणासही विसरणे शक्य नाही. ज्या गावात एकाच विहिरीला पाणी उरले, त्या गावात घटनेचे कलम खरोखर लागू आहे की नाही, ते लोकांना त्या उन्हाळ्यात कळले.

आता तळी, आड, हौद हे सारे मागे पडले. नगरातील वाडे पाडून तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आडाच्या जागी टाकी, देवडीच्या जागी पहारेकऱ्याची खोली, आणि जिन्याच्या जोडीला लिफ्ट. सामाईक जागा वाढली आहे, कमी झालेली नाही. तिचा कारभार गृहनिर्माण सहकारी संस्था पाहते. ह्या संस्थेचा जन्म कसा झाला, तेही येथे सांगणे अवश्य आहे. मुंबईस गावदेवीत १९१५ साली रावबहादूर तळमकी ह्यांच्या खटपटीने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली; आपल्या देशातील ह्या प्रकारच्या संस्थांत ती अगदी पहिल्यांपैकी. कानडा जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेल्या ज्ञातिबांधवांना मुंबईत स्वच्छ व परवडणारी जागा मिळेना, म्हणून त्यांनी एकत्र येऊन घरे बांधली. हेतू निर्मळ होता. कोणाला दूर ठेवावे म्हणून नव्हे, तर आपल्या लोकांना निवारा मिळावा म्हणून. ज्ञातीवर विश्वास असल्याखेरीज त्या काळी कोणी एकमेकांच्या कर्जाला जामीन राहिलेही नसते. परंतु इमारत उभी राहिली, कर्ज फिटले, आणि ‘आपल्या लोकांसाठी’ ह्याचा अर्थ हळूहळू ‘इतरांसाठी नव्हे’ असा होऊ लागला, तर तो कोणत्या वर्षी झाला हे कोण सांगणार? तळ्याभोवती घरे उठण्याचाच हा प्रकार.

ह्या प्रश्नाचा कायदेशीर निकाल २००५ साली सर्वोच्च न्यायालयात लागला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीत सभासद पारशीच असावा अशी अट होती. संस्था १९२६ साली नोंदलेली. एका सभासदास आपली मिळकत बाहेरच्यास द्यावयाची होती. गुजरातच्या उच्च न्यायालयाने अट बाजूस सारली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. संस्था ही खुशीने एकत्र आलेल्या लोकांची आहे, सरकारची नव्हे. एकत्र येण्याचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे. जो सभासद झाला तो उपविधी मान्य करून झाला, असे त्याचे विवेचन आहे. लहान समाजाने आपली वस्ती राखू पाहावी ह्यात मला काही अपराध दिसत नाही. पण हाच न्याय मोठ्या संख्येच्या समाजांनी शहरभर लावला, तर लहानांनी जावे कोठे?

अमेरिकेत हाच तंटा वर्णावरून झाला. मिसूरी संस्थानातील सेंट लुईस शहरी १९११ साली एका रस्त्यावरील ३९ घरमालकांपैकी ३० जणांनी सह्या करून करार केला, की ५० वर्षे ही घरे निग्रो किंवा मंगोल वंशाच्या मनुष्यास द्यावयाची नाहीत. १९४५ साली शेली नावाच्या कृष्णवर्णी कुटुंबाने तेथे घर घेतले आणि शेजाऱ्यांनी दावा लावला. १९४८ च्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : खासगी लोकांनी आपसांत करार केला तो केला, परंतु सरकारी न्यायालय आपला बेलिफ पाठवून त्याची अंमलबजावणी करून देणार नाही. पुढे १९६८ साली घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यासच कायद्याने बंदी झाली. ह्या प्रकरणात मला विशेष वाटते ते हे, की त्या तीस जणांनी निदान तारीख घातली, सह्या केल्या, मुदत लिहिली. म्हणून कोणाविरुद्ध काय केले ते न्यायालयाला वाचता आले. आमच्याकडे सही नाही, तारीख नाही. घर दाखवितात, आडनाव विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी जागा ‘गेलेली’ असते. १९५५ च्या कायद्याने हात घालावा तर कारण अस्पृश्यतेचे आहे हे आधी दिसले पाहिजे. आणि बोललेच कोण आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंड येथे एका मराठी बाई कार्यालयासाठी जागा पाहावयास गेल्या असता, ‘येथे महाराष्ट्रीयांस जागा देत नाही’ असे सांगून त्यांना अडविल्याची त्यांची तक्रार वर्तमानपत्रांतून गाजली. सगळ्या महाराष्ट्रास राग आला, आणि तो यावयासच हवा होता. ज्यांच्या आजोबांच्या वाड्यातील आडावर पाहुण्याचे आडनाव विचारीत, त्यांच्या नातींना आता जिन्यावर त्यांचे आडनाव विचारले जाते आहे.

आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने पात्र मनुष्यास पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू नये, असे तत्त्व घातले. परंतु भाडेकरू हा सभासद नव्हे, आणि भाडेकऱ्याचा पाहुणा तर कोणीच नव्हे. त्याच्या वाट्याला येतो तो फलकावरचा नियम : पाहुण्याने अमुक लिफ्ट वापरू नये, गच्चीवर जाऊ नये, रात्री दहानंतर येऊ नये. असे नियम सोयीचेही असतात. साऱ्याच पाट्या देवडीतल्या त्या पाटीसारख्या नसतात. कोणती कशी हे ओळखावयाचे असेल, तर वार्षिक सभेत उठून चिटणीसांना एवढेच विचारावे, की हा नियम कोणत्या साली, कोणत्या सभेत मंजूर झाला, आणि इतिवृत्ताच्या वहीत तो कोणत्या पानावर आहे. इमारत बारा वर्षांची असेल, तर नियम तेरा वर्षांचा असू शकत नाही.